मॅडमची कुसळी

मॅडमचे केस कायम कानांच्या वर असायचे. केंद्रात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, बाई दिवसभर उन्हात असतात, घाम येतो, म्हणून कापत असतील. खरं कारण मला माहीत होतं. नमुने वाळवायच्या भट्टीशेजारी उभ्या राहून एकदा त्यांनीच ते मला सांगितलं होतं, बाजारात भेंडी काय भावाने मिळाली हे सांगावं अशा आवाजात.

त्या शाळेत होत्या तेव्हाची गोष्ट. घरात न विचारता त्यांनी मोठ्या परीक्षेला बसायचं ठरवलं. थोरला भाऊ मेंढ्या राखायचा आणि घरात शब्द त्याचाच चालायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने बहिणीला अंगणात बसवलं आणि लोकर कातरायच्या कात्रीने वेणी मुळापासून कापली. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून उरलेलं डोकंही भादरलं. अशा डोक्याने पोरगी लाजेनं घराबाहेर पडणार नाही, हा त्याचा हिशेब. त्याची बायको तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. "हात धर तिचे," त्याने तिला सांगितलं. तिने धरले. वडील दारात उभे राहून बघत होते. भाऊ म्हणाला, "मेंढी बरी, एवढी ओरडत तरी नाही."

दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून मॅडम परीक्षेला गेल्या, आणि तिथून घरी गेल्याच नाहीत. मावशीकडे राहिल्या, शिकल्या, नोकरीला लागल्या.

"मग पुढे वाढवले का नाहीत केस?" मी विचारलं.

"वाढले की धरता येतात," त्या म्हणाल्या आणि भट्टीचं दार उघडून गवताच्या पिशव्या हलवायला लागल्या.

आमचं चारा संशोधनाचं केंद्र होतं. एका बाजूला गवताचे वाफे, एका बाजूला गाईंचा गोठा, मागे खडकाळ उतार. मी प्रयोगशाळेत वाळलेलं गवत दळायचे आणि त्यात प्रथिनं किती, तंतू किती ते काढायचे. जीपचा ड्रायव्हर मला चक्कीवाली म्हणायचा. "काय चक्कीवाली, आज काय दळलंस?" "तुझं डोकं. भुसाच निघाला." असं आमचं चालायचं.

मॅडमचं सगळं लक्ष एकाच गवतावर होतं. कुसळी. इथल्याच माळावर आपोआप उगवणारं, कुणी कधी न पेरलेलं. बाहेरून आणलेली गवतं पाणी द्या, खत द्या म्हणून रडत बसायची. ही खडकाच्या फटीतसुद्धा जीव धरायची. मॅडमना दोन गोष्टी तपासायच्या होत्या. जनावरं ती आवडीने खातात का, खाऊन अंगाला लागते का, ही एक. आणि उतारावर लावली तर माती धरून ठेवते का, ही दुसरी. उताराच्या पायथ्याशी त्यांनी सिमेंटच्या टाक्या बांधून घेतल्या होत्या. पाऊस पडून गेला की टाकीत किती गाळ उतरला ते बघायचं. उघड्या जमिनीखालची टाकी चिखलाने भरून जायची, कुसळीखालच्या टाकीत तळ दिसायचा. त्या तळाकडे बघताना मॅडमच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी हसू म्हणेन. दुसरं हसू मी त्यांचं पाहिलं नाही.

पण कुसळीला एक खोड होती. कोवळी असेपर्यंत गाई तिच्यावर तुटून पडायच्या. फुलोरा संपला की प्रत्येक बियाला एक लांब, काळं, पीळ भरलेलं कुसळ फुटायचं, आणि बियाचं टोक सुईसारखं. कोरडं असताना कुसळ गप्प असतं. ओल लागली की पीळ सुटायला लागतो, ते गोल गोल फिरतं आणि टोक जमिनीत शिरत जातं. बी स्वतःला असं पेरून घेतं. मातीत शिरतं तसंच ते गाईच्या जिभेत आणि मेंढीच्या कातडीतही शिरतं. पाहुणे आले की मॅडम एक कुसळ त्यांच्या तळहातावर ठेवायच्या आणि वरून पाण्याचा थेंब सोडायच्या. ते वळवळायला लागलं की पाहुणे हात झटकायचे. हा मॅडमचा एकुलता एक विनोद.

एका सकाळी ऑफिसबाहेरच्या बाकावर एक जोडपं येऊन बसलं. माणूस रुंद हाडाचा, पण कमरेत वाकलेला. बाई मांडीवर बोचकं घेऊन, जणू कुणी ते ओढून नेणार आहे. मॅडम आल्या, थांबल्या, आणि आत गेल्या. तो मागोमाग गेला. त्यांची खोली आणि माझी लॅब यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत होती, वरून उघडी. माझ्या चक्कीची जाळी तुंबली होती म्हणून ती बंद होती. सगळं ऐकू आलं.

"बारके," तो म्हणाला.

"काय काम आहे?"

"मेंढरं गेली. रोग आला, एक राहिलं नाही. मग ट्रकवर माल चढवायचो. कंबर धरली. आता तिथंही नको म्हणतात. कळलं की तू इथं मोठी साहेब झालीस."

"मोठी नाही. गवतापुरती."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "काम आहे. गुडघ्यांवर बसून गवत कापायचं, जमिनीपासून चार बोटं ठेवून. मागची खोली राहायला मिळेल. पण इथे मला भाऊ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मला ओळखत नाहीस. सगळे म्हणतात तसं मॅडम म्हणायचं, अहो-जाहो करायचं. तुझ्या बायकोनेही."

"आणि तू मला काय म्हणणार?"

"दादा," मॅडम म्हणाल्या. "इथे पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक मजुराला दादाच म्हणतात."

आणि तसंच झालं. सख्ख्या भावाला त्या चारचौघांत दादा म्हणत राहिल्या आणि कुणाला संशयसुद्धा आला नाही.

बाकीचे मजूर विळ्याने कापायचे. मॅडमनी त्याच्या हातात कात्री ठेवली. मोठी, दोन पात्यांची, लोकर कातरायला वापरतात तसली. "चालवता येते ना तुम्हाला?" सगळ्यांसमोर विचारलं. त्याने आधी कात्रीकडे पाहिलं, मग त्यांच्या केसांकडे. "येते, मॅडम."

तेव्हापासून तो त्या वाफ्यांमध्ये रांगायचा. मॅडम मागून पट्टी घेऊन यायच्या. "इथे उंच राहिलं. इथे खाली गेलं. हा नमुना फुकट गेला, दादा, पलीकडचा वाफा घ्या." तो उठताना एक हात कमरेवर, एक जमिनीवर टेकायचा. दुपारी सगळे शेडमध्ये डबे उघडायचे, तेव्हा मॅडमना नेमकी आठवण व्हायची की उतारावरचं तण राहिलंय. पहारेकरी एकदा म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्याला जरा सावलीत बसू द्या की." मॅडम म्हणाल्या, "सावलीत गवत उगवत नाही."

मला त्याची कीव यायची. मग मी त्याच्या बायकोला भेटले आणि कीव निम्मी झाली. ती गोठ्यात शेण काढायला यायची. तिच्या मनगटावर निळ्या बोटांचे ठसे होते, पाचही मोजता येतील असे.

"पडले," ती म्हणाली. मी ठशांकडेच बघत राहिले, तेव्हा स्वतःच म्हणाली, "बाहेर ती ह्यांना वाकवते, घरी येऊन हे मला वाकवतात. माझ्या खाली कुणी नाही म्हणून माझ्यापाशी थांबतं."

मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं होतं, बाईच्या जातीला बाईचं कळेल.

"मला माहीत आहे त्याचा हात," त्या म्हणाल्या.

"मग त्याला काही बोला. तुम्ही बोललात तर ऐकेल."

"तिने माझे हात धरले होते. चांगला जोर आहे तिच्यात. सोडवून घेईल."

कुसळीचं बी पिकलं की ते थांबत नाही. आज दांड्यावर असतं, उद्या वारा आला की जमिनीवर. त्या वर्षी ते पिकलं नेमकं कुसळीला मान्यता द्यायची की नाही ते ठरवणारी समिती यायच्या आदल्या दिवशी, आणि सकाळपासून वारा सुटला. हे बी हातचं गेलं असतं तर उतारांवर पेरायला पुढच्या हंगामापर्यंत काही राहिलं नसतं. मॅडमनी सगळ्यांनाच शेतात उतरवलं. ड्रायव्हर, पहारेकरी, मी, गोठ्यातल्या बायका. गळ्यात कापडी पिशव्या अडकवून आम्ही रांगेने ओंब्या ओरबाडत पुढे सरकत होतो. कुसळं बाहीत घुसत होती, मोज्यांत घुसत होती. ड्रायव्हर म्हणाला, "आज घरी गेलो की बायको मला साळिंदर म्हणून हाकलून देणार."

आम्ही हसत असतानाच रांगेच्या टोकाकडून ओरडणं आलं.

"बारके! बारके, डोळा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. तो गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात उजव्या डोळ्यावर. पहारेकरी म्हणाला, "कुणाला हाक मारतोय हा?" मॅडम कानांपर्यंत लाल झाल्या. त्या चालत गेल्या, पळत नाही. त्याचा हात बाजूला केला, दोन बोटांनी पापणी उचलली, पाहिलं.

"लाल झालाय. पाण्याने धुवा, दादा, आणि रांगेत या."

तो धडपडत नळाकडे गेला. एकदा पाणी मारलं, दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्या वेळी असा ओरडला की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. त्याची बायको शेताच्या कडेला उभी होती. ती हलली नाही.

"मॅडम, जीपमधून घेऊन जाऊ द्या याला," मी म्हणाले.

"जीपमध्ये पोती जाणार आहेत. दव पडायच्या आत गोदामात गेली पाहिजेत."

पोती गेली. तो खोलीवर गेला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघे साहेब, बूट पॉलिश केलेले, त्यातले अध्यक्ष सगळ्यांत जाड. मॅडमनी ऑफिससमोरच्या मंडपात सगळं मांडून ठेवलं होतं. कुसळीची मुळं मातीसकट काचेच्या पेटीत, टाक्यांमधला गाळ बाटल्यांत, गाईंच्या वजनाचे तक्ते. तो मागे उभा होता, डोळ्यावर फडकं बांधलेलं, हातात पाण्याचा ट्रे. खोलीवरच थांबा असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, एक दिवस बुडाला तर ती काढून टाकेल. त्याची बायको चहा देत होती.

मॅडम छान बोलल्या. लपवाछपवी केली नाही. म्हणाल्या, फुलोऱ्याआधी कापली तर चारा उत्तम. नंतर कापली तर जनावरांच्या तोंडाला जखमा होतात, आमच्या दोन वासरांना झाल्या. उतारांसाठी मात्र हिच्यासारखं दुसरं गवत माझ्या पाहण्यात नाही.

"आणि माणसांना काही त्रास?" अध्यक्षांनी विचारलं.

"काळजी घेतली तर नाही."

अध्यक्षांनी ट्रेमधला ग्लास उचलला आणि वर पाहिलं. "का हो दादा, डोळ्याला काय झालं?"

तो मॅडमकडे बघत म्हणाला, "पडलो, साहेब."

तेवढ्यात बायकोने चहाची किटली टेबलावर ठेवली. आवाज मोठा नव्हता. "वन्सं," ती म्हणाली, "खरं सांगा की यांना. तुमच्याच सख्ख्या भावाचा डोळा आहे."

दादा कुणालाही म्हणता येतं. वन्सं नवऱ्याच्या बहिणीलाच म्हणतात. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, पहारेकऱ्याने जमिनीकडे. मॅडम हातातली बाटली तशीच धरून उभ्या होत्या. गाळ खाली बसत होता.

"हो," मॅडम म्हणाल्या. "हा माझा भाऊ. ही माझी वहिनी. काल बी काढताना त्याच्या डोळ्यात कुसळ गेलं. मी त्याला दवाखान्यात पाठवलं नाही."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी आवाज चढवेल, निदान कुणीतरी जीप बोलावेल. अध्यक्षांनी खाकरून घसा साफ केला.

"घरगुती बाब दिसतेय. ती तुम्ही मागाहून बघा. चला, ऊन चढायच्या आत तुमचा उतार बघून घेऊ."

आणि ते सगळे उताराकडे गेले. तो ट्रे घेऊन तिथेच उभा राहिला. 

समिती जेवून गेल्यावर ड्रायव्हर त्याला दवाखान्यात घेऊन गेला. मी सोबत होते. डॉक्टर तरुण होती, चिडलेली होती. कुसळाचा तुकडा तिने चिमट्याने काढून पांढऱ्या ताटलीत ठेवला. "काल आणलं असतं तर," एवढंच बोलली. उजवा डोळा गेला. पुढे त्याची सूज डाव्या डोळ्यालाही चढली आणि तोही धुरकट झाला. माणसं त्याला हलत्या सावल्यांसारखी दिसायची.

मी एकदा मॅडमना विचारलंच. आम्ही दोघीच लॅबमध्ये होतो. "कुसळाला पाणी लागलं की काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तरी त्याला पाण्याने धुवायला सांगितलंत."

"डोळ्यात काही गेलं तर सगळेच पाणी मारायला सांगतात."

"तुम्ही सगळ्यांतल्या नाही."

त्या थोडा वेळ तराजूवरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. "सांगताना लक्षात आलं नाही," त्या म्हणाल्या. "तो नळाकडे चालायला लागला तेव्हा लक्षात आलं. नळ लांब होता. हाक मारता आली असती."

"मग?"

"त्याने मला सगळ्यांसमोर बारके म्हणून हाक मारली होती."

 त्यांनी तराजूवर ताटली ठेवली आणि म्हणाल्या, "नमुना दे."

कुसळीला मान्यता मिळाली. उतारांसाठी पूर्ण, चाऱ्यासाठी फुलोऱ्याआधी कापायच्या अटीवर. आजूबाजूच्या उघड्या टेकड्यांवर ती लावायचं काम निघालं, आणि मॅडमना त्याचं प्रमुख केलं. केंद्रात काही दिवस लोक त्यांच्याशी कमी बोलत होते. पण मॅडम तशाही कमीच बोलायच्या, त्यामुळे फरक पडलेला कुणाला जाणवलाच नाही. ड्रायव्हर तेवढा नंतर त्यांच्यासमोर विनोद करेनासा झाला.

भावाच्या जागी वहिनी कामाला लागली. ती कात्री घेऊन वाफ्यात बसायची. गवत एका उंचीवर कापायची, हात भरभर चालायचा, मॅडमना पट्टी लावावी लागायची नाही. मागची खोली त्यांच्याकडेच राहिली. मनगटावरचे ठसे गेले. ती थोडी जाड झाली, मोठ्याने बोलायला लागली. शेडमध्ये डबा खाताना ड्रायव्हरच्या थट्टेला उलट थट्टा करायची. आम्हाला सगळ्यांना ती आवडायला लागली.

लागवड सुरू व्हायच्या आदल्या दुपारी मॅडम मला म्हणाल्या, "तिच्या खोलीवर जाऊन येऊ, उद्या लवकर निघायचंय ते सांगायला." त्या कधी तिकडे गेल्या नव्हत्या. खोली लहान, स्वच्छ. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, डोकं दाराकडे वळवून. वहिनी भांडी पुसत होती. आम्हाला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"पाणी दे," तो म्हणाला.

तिने ग्लास भरला आणि त्याच्याजवळच्या स्टुलावर ठेवला, ठक आवाज होईल असा. मग दोन बोटांनी तो हळूच बाजूला सरकवला. तो आवाजाच्या दिशेने हात घेऊन गेला. लाकूड लागलं. हात डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. तिने ग्लास आणखी थोडा सरकवला. हे ती पहिल्यांदा करत नव्हती हे तिच्या बोटांवरून कळत होतं. त्याची मान खाली गेली आणि तो बोटांनी स्टुलाच्या कडा चाचपायला लागला, इतका काळजीपूर्वक, की आपल्या हातून ग्लास पडू नये एवढीच त्याला चिंता दिसत होती. वहिनीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी वहिनीकडे पाहिलं.

"उद्या उजाडताच निघायचं, वहिनी," मॅडम म्हणाल्या. "डबा घेऊन या."

"येते, वन्सं."

"कोण, बारके?" त्याने विचारलं.

 वहिनीने पुढचं भांडं उचललं.

मी पुढे झाले, ग्लास उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी धरून घटाघटा संपवला, अर्धं पाणी छातीवर सांडलं.

बाहेर आल्यावर आम्ही ऑफिसच्या पायवाटेला लागलो. मॅडम नेहमीसारख्या भरभर पुढे चालल्या होत्या. वळणावर त्या थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "तुला काय गरज होती मध्ये पडायची?"